बोल्टाच्या डोक्यातली तार

भात पिकून वाकलं की माझे कान रस्त्याला लागतात. ही सवय आजची नाही. आता कान मंदावलेत, रस्ता डांबरी झालाय, आणि त्यावरून दिवसभर इतक्या मोटारसायकली जातात की एखादीचा आवाज वेगळा काढणं कठीण. तरी आश्विन सरत आला, शेजारच्या मळ्यात विळे फिरायला लागले, कापलेल्या भाताचा तो ओलसर, गोडूस वास पडवीपर्यंत पोचला, की माझ्या हातातलं काम थांबतं. कुठेतरी एखादं इंजिन चालत असतं. ते मध्येच बंद पडलं की मी उठून दारात येते. कुणीतरी बाजूला थांबून फोनवर बोलत असतो, एवढंच. सून विचारते, "आई, कोण यायचं आहे का?" यायचं कुणीच नसतं.

कापणीला सगळे सुगी म्हणतात. आमच्या घरात ते भीतीचे दिवस होते. माझे यजमान डॉक्टर. मालवणपासून थोडं आत, खाडीकाठच्या आमच्या गावात घराच्या पडवीतच त्यांचा दवाखाना होता. साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, माणसं-गाड्या पलीकडे नेणाऱ्या होडीची तर होती. विजेचे खांब गावात यायचे होते. कापणीला माणसं मळ्यात वाकली की भाताच्या बुडाशी गारव्याला पडून राहिलेली जनावरं हाताखाली येत. साप हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. "पान लागला," म्हणत. कुंपणाबाहेरून धापा टाकत आलेला माणूस ते दोन शब्द बोलला की हे ताटावरून उठत. हात धुवायलाही थांबत नसत.

दाराच्या मागे खुंटीला कातडी पिशवी टांगलेली असे. तिच्यात मुंबईहून मागवलेलं विषावरचं इंजेक्शन, म्हणजे काचेच्या कुपीत थोडी पांढरी भुकटी. आणि अंगणात मोटारसायकल. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या गाड्यांपैकी ती एक, शेवाळी रंगाची, टाकीला मोठा पोचा पडलेली. पावसाने रस्त्यांवरची माती धुऊन नेलेली असे आणि खालचे जांभ्याचे दगड दातांसारखे वर आलेले असत. त्यावरून ती गाडी अशी हादरत जाई, की हे घरी येऊन खुर्चीत बसले तरी त्यांच्या हातातली कपबशी वाजत राही.

त्या वर्षी कापणी नुकती सुरू झाली होती. खाडीपलीकडच्या वाडीतून बोलावणं आलं. शेवंती नावाची मुलगी, वैशाखात लग्न होऊन आलेली. तिला नाग चावला होता. हे निघाले. गाडी होडीत घालून पलीकडे नेली, चढण चढले, आणि अर्ध्या वाटेत इंजिन घुसमटल्यासारखं होऊन थांबलं ते थांबलंच. इंजिनाच्या पोटाखाली तेल अडवणारा एक बोल्ट असतो. तो हादऱ्यांनी सैल होत होत कुठेतरी गळून पडला होता. तेल सगळं वाटेवर सांडून गेलं होतं. हे पिशवी घेऊन पळत सुटले. बांधाबांधावरून, चिखलातून. पोचले तेव्हा शेवंतीच्या पापण्या मिटल्या होत्या आणि श्वास संपत आला होता. इंजेक्शन दिलं, पण उपयोग झाला नाही.

तिचा नवरा यांना एक शब्द लावून बोलला नाही. उलट शहाळं फोडून पुढे केलं. म्हणाला, "धावत इलास, डॉक्टरांनू. पाणी पिया." यांनी ते शहाळं न पिता खाली ठेवलं. दिवेलागणीला चालत घरी आले. पडवीच्या पायरीवर बसून माझ्याकडे न बघता म्हणाले, "एका बोल्टापायी गेली ती." मग त्यांनी बुटांचा चिखल काढायला घेतला, आणि चिखल निघून गेल्यावरही ते बूट घासतच राहिले.

त्या दिवसानंतर गाडी बाहेर पडली की माझे कान तिच्यामागे जात. गाडी दुरुस्त झाली होती, नवा बोल्ट बसला होता. पण नवा असला तरी तो बोल्टच. एक सुटला तसा दुसरा सुटेल. मला यंत्रातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे भीतीला काठ नव्हता. भात शिजत ठेवून मी उभी राही, आणि चढणीवर आवाज बदलला तरी मला तो बोल्ट पडताना दिसे.

माझ्यापेक्षा जास्त घाबरणारा एकच माणूस मला माहीत होता. माझा भाऊ वसंता, आमचा दादा.

दादा मुंबईत विमानांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात होता. इंजिनावरचे बोल्ट आवळायचे आणि ते तारेने बांधायचे, हे त्याचं काम. फार चांगला हात होता म्हणत. पण एक दिवस विमान उडून गेल्यावर त्याला वाटलं, आपण एक तार बांधायची विसरलो. तो धावत साहेबाकडे गेला. विमान सुखरूप उतरलं. बघितलं तर तार जागच्या जागी होती. चूक झालेलीच नव्हती. तिथेच ते मिटायला हवं होतं. पण दादाच्या मनात ते विमान उतरलंच नाही. तो बांधलेल्या तारा सोडून पुन्हा बांधू लागला. झोप गेली. शेवटी त्याला गावी पाठवला. वर्ष झालं होतं. आईकडे ओटीवर बसून असे. घराबाहेर पडताना कडी लावली का ते बघायला वाटेतून परत फिरे. लोक म्हणत, वसंत्याचं डोकं फिरलं.

शेवंतीची बातमी त्याच्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी तो चालत आमच्याकडे आला, काखेत लाकडी पेटी. मला म्हणाला, "गाडी खंय आसा?" मग अंगणात आडवा होऊन इंजिनाच्या खाली डोकं घातलं आणि कितीतरी वेळ बाहेर आला नाही. बाहेर आला तेव्हा कपाळाला तेल लागलं होतं आणि डोळ्यांत मला वर्षभरात न दिसलेलं काहीतरी होतं. बरं झाल्याचं ते नव्हतं. भीतीला जागा सापडल्याचं होतं.

"ह्ये बोल्ट उघडे आसत गो," तो म्हणाला. "ह्येंका कोणीच धरून ठेवक नाय."

हे बाहेर आले. दादाने त्यांना समजावून सांगितलं, आणि मला प्रथमच कळलं की तो मुंबईत नेमकं काय करत होता. बोल्टाच्या डोक्यात आरपार बारीक भोक पाडायचं. बोल्ट आवळला की भोकातून तार ओवायची, पिळायची, आणि तिचं दुसरं टोक शेजारच्या बोल्टाला बांधायचं. बांधायचं ते अशा बाजूने, की बोल्ट सैल व्हायला गेला तर तारच त्याला उलटं ओढेल.

"म्हणजे तारेनं तो घट्ट होतो?" मी विचारलं.

"नाय. तार आवळणा नाय. ती फक्त सुटाक देणा नाय."

बंदरावर पास्कू मिस्त्रीचं दुकान होतं. लाँचची इंजिनं दुरुस्त करणारा तो एकटाच. त्याच्याकडे लोखंड कातायचा लेथ होता, तेलाच्या इंजिनावर पट्ट्याने फिरणारा. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा पास्कू दादाचा शाळेतला दोस्त. त्याने लेथही दिला आणि लाँचच्या जुन्या शाफ्टचं पोलादही. दादा सकाळी जाई. दुपारी मी जेवण घेऊन जाई. दुकानात खारवलेल्या मासळीचा आणि जळक्या तेलाचा मिळून एक वास असे. लेथवर पोलादाची साल निळसर, कुरळी होऊन सुटत राही. आटे पाडून झाले की डोक्याच्या सहा बाजू कानशीने घासायच्या. आणि मग भोक. सुईएवढं बिट हातड्रिलला लावून दादा श्वास धरून फिरवत बसे. जरा हात कलला की बिट तुटे, आणि त्याचा तुकडा आत अडकून सगळा बोल्ट फुकट जाई. तुटलं की दादा पोलादाचा दुसरा तुकडा घेई.

पहिले बोल्ट तयार झाले तेव्हा त्याने ते लाल तापवून तेलात बुडवले, कडक व्हावेत म्हणून. मग एक वायसाच्या लोखंडी जबड्यात धरला, पान्याला लांब नळी जोडली आणि जोर लावला. मी तिथेच डबा सोडत होते. सुपारी फुटावी तसा आवाज झाला. बोल्टाचं डोकं भोकाच्या रेषेत उभं चिरलं होतं.

दादा खाली बसला. चिरलेलं डोकं तळहातावर घेऊन बघत राहिला.

"ह्यो गाडयेर असतो तर?" तो म्हणाला. "पास्कू, ह्यो गाडयेर असतो तर?"

"नाय हुतो मा?" पास्कू ओरडला. "वायसातच मोडलो. म्हणानच तुया थंय लावलंस. मोडूचो तो हयच मोडलो. ऊठ."

मला वाटलं, संपलं आता. दादा पेटी उचलून घरी जाईल आणि पुन्हा ओटीवर बसेल. तो उठला, बाहेर जाऊन समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. मी डबा झाकून वाट बघत राहिले. मग आत येऊन त्याने राहिलेले बोल्टही वेगळे काढले आणि नव्याने सुरुवात केली. यावेळी बोल्ट तेलातून काढल्यावर मंद निखाऱ्यावर पुन्हा तापवले, कडकपणा जरा उतरावा म्हणून. भोकही डोक्याच्या मधोमध न पाडता एका कोपऱ्याकडे घेतलं. पुन्हा वायस, पुन्हा नळी, पुन्हा जोर. त्यावेळी पास्कूने छातीवर क्रुसाची खूण केली आणि मी मनात रवळनाथाला नारळ बोलले. बोल्ट टिकला.

माझा नातू पुण्यात मोटारसायकलींची इंजिनं उघडत-जोडत असतो. शर्यतीच्या गाड्या. गेल्या खेपेला आला तेव्हा त्याने खिशातून कापसात गुंडाळलेले बोल्ट काढून माझ्या हातावर ठेवले. "टायटॅनियमचे आहेत, आजी. खास बनवून घेतले." तळहातावर काही आहे की नाही कळेना, इतके हलके. रंग पहाटेच्या पाण्यासारखा. डोक्यात सुईएवढं भोक. मी त्याला विचारलं, "हे बनवणारा माणूस कसा आहे?" तो हसला. म्हणाला, यंत्र बनवतं, आजी. मला त्या यंत्राचं कौतुक वाटलं आणि हेवाही. त्याला रात्री झोप लागते की नाही, याची कुणाला चौकशी करावी लागत नाही.

दादाने बोल्ट बसवले, तारा ओवल्या, पिळल्या, टोकं आत वळवली. ते बघायला आमच्या अंगणात निम्मी वाडी जमली होती. यांनी पाठ थोपटली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा घालायला बाहेर आले तर दादा गाडीखाली. तारा कापलेल्या. तो पुन्हा बांधत होता.

"काय झालां रे?"

"काय नाय. एक पीळ कमी वाटलो."

तेवढ्यात कुंपणाशी एक तरुण येऊन थांबला. घामाने अंगातला सदरा चिकटलेला. "डॉक्टर आसत? बेगीन चला म्हणा. आमच्या बापाशीक पान लागला. फुरसां. हिरड्यांतून रगत येता."

हे पिशवी घेऊन बाहेर आले. दादा गाडीखालून हलेना. एक तार बांधून झाली होती, एक राहिली होती. ती त्याने बांधली. मग पहिलीवर पुन्हा पकड लावली. "एकदा बघतंय," म्हणाला. "फक्त एकदा." मग पुन्हा. तो तरुण कधी यांच्याकडे बघे, कधी माझ्याकडे. त्याचे डोळे भरून आले होते. यांच्या मानेवरची शीर मला दिसत होती. ते दादावर ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर दादा मोडला असता. नाही ओरडावं, तर तिकडे म्हाताऱ्याचं रक्त वाहत होतं.

मी खाली बसले. गाडीखाली हात घालून दादाचं मनगट धरलं. ते थंडगार होतं. "दादा, सोड पकड."

"तू सांग, सुटाचो नाय?"

मला काय कळत होतं? मी त्या बोल्टांना स्वप्नात पडताना बघत होते. पण मी म्हटलं, "नाय सुटाचो."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि विश्वास ठेवला नाही. तेव्हा हे वाकले. आवाज अगदी साधा ठेवून म्हणाले, "वसंतराव, संशय आसा मा? मगे माझ्यावांगडा चला. मागे बसा. वाटेत सुटलो तर तुमीच बांधा."

हे मला सुचलं नसतं. दादालाही ते अनपेक्षित होतं. तो बाहेर आला, कपडे झटकले, पकड आणि तारेचं भेंडोळं खिशात घातलं, आणि मागच्या सीटवर बसला. दोन्ही हातांनी यांचे खांदे धरून. गाडी सुरू झाली आणि वळणापलीकडे गेली.

मग माझा दिवस सुरू झाला. आवाज होडीच्या तरीपर्यंत ऐकू आला, पलीकडच्या चढणीवर थोडासा आला, आणि वारा फिरला. आता एका गाडीवर माझी दोन माणसं होती. मी डाळ निवडायला घेतली, निवडलेली डाळ परत सुपात ओतली. दुपारी भात करपला. अंगणात शेजारणी कापलेल्या भाताची उडवी रचत होत्या, त्या काहीतरी विनोद करत होत्या आणि मी हसत होते. कशावर, ते मला माहीत नव्हतं. ऊन कलल्यावर मी तरीवर गेले. होडीवाला तारी होडीत पाय पसरून बसला होता.

"इले काय रे डॉक्टर?"

"येवक नाय, वयनीनू. गेले तेवडेच."

"आवाज?"

"आवाजय नाय."

परत येताना मी पायाखाली बघत आले. जणू बोल्ट मला तिथेच सापडणार होता.

उन्हं माडांच्या शेंड्यांवर गेली तेव्हा बैलगाडीचे घुंगूर वाजले. मी फाटकात गेले. गाडीत पेंढ्यावर मोटारसायकल आडवी बांधलेली होती. गाडीवानाशिवाय कुणी दिसेना. मी फाटकाचा खांब धरला. मग बैलगाडीच्या मागून बोलण्याचे आवाज आले. दोघं चालत येत होते, धुळीने माखलेले. दादाच्या खांद्यावर काळी साखळी लोंबत होती.

"चेन तुटली," हे म्हणाले. "येताना."

"म्हातारा?"

"रगत थांबला. सकाळी परत बघूक जावचा लागात."

मी रडायला लागले, ते कशामुळे ते मलाही सांगता येत नव्हतं. दादाला माझ्या रडण्यात काही रस नव्हता. त्याने मोटारसायकल उतरवायच्याही आधी माझा हात ओढून इंजिनाखाली नेला. "बोट लाव. लाव मा." मी बोट लावलं. धुळीखाली तार ताठ होती. बोल्ट हलला नव्हता. "बघलंस?" तो म्हणाला. "चेन तुटली, पण ह्यो नाय हललो." जणू चेन तुटणं ही आनंदाची गोष्ट होती. हे हसायला लागले आणि मग दादाही हसला. त्याचे दात इतके पांढरे आहेत हे मी विसरले होते.

यापुढे दादा बरा झाला असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. तो पास्कूच्या दुकानात काम करू लागला. गुरांच्या डॉक्टरांनी, पलीकडच्या चर्चच्या पाद्र्यांनी, पुढे कणकवलीच्या एका कंत्राटदारानेही आपल्या गाड्यांना त्याच्याकडून बोल्ट करून घेतले. गिऱ्हाईक बंदराच्या वळणावर पोचलं की दादा मागून धावत जाऊन त्याला थांबवी, खाली वाकून बघे आणि मग जाऊ देई. लोकांना त्याची सवय झाली. वळणावर गाडी आपणहून हळू होई. पास्कू म्हणे, "देवान सोडवचो म्हटल्यान तरी वसंताचो बोल्ट सुटाचो नाय. पण वसंताक सांगी कोण?" शेवटपर्यंत तो तसाच राहिला. काळजी त्याची गेली नाही, तिला फक्त काम मिळालं. माझ्या काळजीला कधीच मिळालं नाही. ती नुसती दारात येऊन उभी राहायची, अजून राहते. कधीकधी वाटतं, माझ्या हातालाही एखादी पकड असती तर.

त्या सुगीची शेवटची दुपार मात्र मला फार जवळची आहे. चेन जोडून झाली होती. कापणी उरकून झोडणी सुरू झाली होती. शेजारच्या खळ्यात पेंढ्या आपटल्याचा आवाज एका लयीत येत होता. दादा जेवून पडवीत टेकला होता. मी पान लावून आणेपर्यंत त्याचा डोळा लागला. दिवसाढवळ्या, भिंतीला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं. वर्षभरात मी त्याला असा झोपलेला बघितला नव्हता. मी पान तिथेच ठेवलं, आणि बाहेर जाऊन कोंबड्या हाकलल्या.

हातवारे करत एक बाई बांधावरून पळत येताना दिसली. मी तोंडावर बोट ठेवलं. तिने जवळ येऊन कानात सांगितलं. पान लागलं होतं, तिच्या जावेला, वरच्या मळ्यात. हे पिशवी घेऊन बाहेर आले. गाडीजवळ गेले. पडवीत दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

यांनी गाडी सुरू केली नाही. हँडल धरून ती अंगणातून ढकलत नेली, फाटकातून बाहेर, चिंचेच्या पुढे, रस्त्याच्या उतारापर्यंत. मी मागून एक हात लावला. तिथे, लांब गेल्यावर, त्यांनी किक मारली. इंजिन लागलं. बोल्ट बसवल्यापासून दादाने न बघता गाडी जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

मी फाटकात येऊन उभी राहिले. आवाज वर वर चढत गेला, माडांमागे बारीक झाला, आणि मग झोडणीच्या आवाजात मिसळला. मागे वळून बघितलं. दादाने भिंतीला टेकलेली मान दुसऱ्या बाजूला वळवली होती. डोळे मिटलेलेच होते.